दुरुस्तीची तहकुबी

मुंबई राज्याच्या काळात, १९५४ ते १९५६ ह्या अवघ्या तीन वर्षांत, मुंबईतल्या माहूल गावाच्या शिवारालगत स्टॅनव्हॅक आणि बर्मा शेल ह्या दोन परदेशी कंपन्यांचे तेलशुद्धीकरण कारखाने आणि टाटांचे ट्रॉम्बे येथील औष्णिक वीजकेंद्र उभे राहिले; पुढे खताचा कारखाना आला, रसायनांच्या टाक्या आल्या, सत्तरीच्या दशकात राष्ट्रीयीकरण होऊन पाट्यांवरची नावे हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम अशी बदलली, आणि खाडीकाठचे एक कोळी-आगरी गाव ज्वालाग्राही द्रव्यांच्या कोठारांनी वेढले गेले. येथील हवेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि राष्ट्रीय हरित लवादाने २०२० साली चार कंपन्यांवर मिळून सुमारे २८६ कोटी रुपयांची भरपाई बसवली तेव्हा त्या लिखाणाला न्यायासनाचे अधिष्ठानही लाभले. ह्या कारखान्यांतून अहोरात्र वाहणारी वीज आणि तिची निगा ह्यांविषयी मात्र, गावाबाहेरचे सोडाच, गावातही कोणी चकार शब्द काढीत नाही.

वस्तुतः विजेच्या दृष्टीने ही जागा मुळीच सोयीची नाही. खाडीवरून येणारे खारे बाष्प चिनीमातीच्या इन्सुलेटरांवर बसते, कोरड्या दिवसांत त्याचा मिठाचा थर होतो, आणि पावसाळ्याआधीच्या पहिल्या दमट पहाटे तोच थर ओला होऊन विजेला वाट करून देतो. गंधकयुक्त तेल जेथे शुद्ध होते तेथल्या वातावरणात हायड्रोजन सल्फाइडचा अंशही असतो, आणि पेटीतले चांदीचे दागिने काळवंडावेत तसे नियंत्रण-पॅनेलमधले तांब्याचे व चांदीचे संपर्कबिंदू त्याने काळे पडतात. फरक एवढाच की दागिना काळा पडला तर नजरेस येतो, आणि पॅनेल बंद असल्यामुळे त्यातली काळिमा कोणाच्याच नजरेस येत नाही.

जेथे तेलाची वाफ साचण्याचा संभव असतो तेथे ‘फ्लेमप्रूफ’ उपकरणे बसवावी लागतात. अशा पेटीत स्फोट होणारच नाही असा सर्वसामान्य समज आहे, आणि तो चूक आहे. पेटीत वायू शिरेल आणि आत ठिणगी पडून लहानसा स्फोटही होईल हे ह्या रचनेत गृहीतच धरलेले असते. तिचे सारे कौशल्य हे की झाकण आणि पेटी ह्यांच्यामधल्या काटेकोर मापाच्या अरुंद फटीतून बाहेर पडता पडता तो तप्त वायू इतका निवावा की बाहेरच्या वाफेला त्याने पेट देऊ नये. आता एखाद्या कामगाराने घाईने झाकण लावताना आठांपैकी सहाच बोल्ट बसवले, किंवा गंजलेला पृष्ठभाग कानशीने घासून ‘साफ’ केला, तर पेटी दिसायला तशीच राहते, तिच्यावरचा प्रमाणपत्राचा शिक्का तसाच राहतो, आणि जिच्यासाठी तिचे दाम मोजले ती फट मात्र निरुपयोगी होते.

दुसरा धोका त्याहून साधा आहे. केबलच्या टोकाची जोडणी कंपनांनी आणि रोजच्या तापण्या-निवण्याने सैल पडते, तेथला रोध वाढतो, आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात निर्माण होत असल्यामुळे प्रवाह दुप्पट झाला की ती चौपट होते. अशी तापलेली जागा अवरक्त कॅमेऱ्याने यंत्र चालू असतानाच दिसते, आणि ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचा नमुनाही चालू स्थितीत काढता येतो. परंतु बोल्ट आवळणे, मेगरने केबलच्या इन्सुलेशनचा रोध मोजणे, रिलेला कृत्रिम दोष दाखवून तो वेळेवर जागा होतो की नाही हे पाहणे, आणि वर्षानुवर्षे न उघडलेला, आतले ग्रीस वाळून गेलेला ब्रेकर प्रत्यक्ष उघडून पाहणे, ह्यांतल्या बहुतेक कामांना शटडाऊन लागतो. शटडाऊन म्हणजे उत्पादन थांबणे. म्हणून जे चालू स्थितीत करता येते ते बहुधा होते, आणि जे बंद करूनच करावे लागते ते पुढे ढकलले जाते.

माझ्या मते औद्योगिक विद्युत्-सुरक्षेचा सारा प्रश्न ह्या पुढे ढकलण्यात आहे. कोणताही व्यवस्थापक दुरुस्ती नाकारीत नाही. तो ती तहकूब करतो. मागणी चढी आहे, जहाज धक्क्याला लागले आहे, तिमाही संपत आली आहे, ‘एवढा पंधरवडा जाऊ द्या’, असे म्हणून तो पंधरवडा जातो, आणि त्यामागून आलेला पंधरवडाही तितकाच अडचणीचा असतो. तहकुबीचा हुकूम बहुधा तोंडी असल्यामुळे दप्तरात त्याचा मागमूस राहत नाही, आणि पुढे चौकशी बसलीच तर कैफियत देण्यासाठी सापडतो तो पाळीवरचा इलेक्ट्रिशियन.

दुरुस्तीसाठी काहीतरी बंद ठेवण्याची ऐपत व्यवस्थेत असावी लागते, हे मुंबईने १२ ऑक्टोबर २०२० रोजी स्वतः अनुभवले. त्या सकाळी कळवा-पडघा ह्या ४०० केव्ही वाहिनीचे एक सर्किट देखभालीसाठी बंद होते, त्याचा भार दुसऱ्यावर होता, आणि ते दुसरेही कोसळले. संकटकाळी शहराला उर्वरित जाळ्यापासून विलग करून जिवंत ठेवण्याची मुंबईची प्रसिद्ध योजना त्या दिवशी निष्फळ ठरली, माहूलच्या शेजारचे ट्रॉम्बे केंद्रही बंद पडले, लोकल जागच्या जागी थांबल्या. पुढे राज्याच्या ऊर्जामंत्र्यांनी सायबर घातपाताचा संशय व्यक्त केला, केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चुकीकडे बोट दाखवले, आणि ह्या वादात मूळ गोष्ट बाजूला पडली, ती ही की ज्या व्यवस्थेत एक वाहिनी निर्धास्तपणे बंद करता येत नाही तेथे देखभाल हीच जोखीम होऊन बसते. कारखान्यांतही हेच घडते. दुसरा ट्रान्सफॉर्मर ‘अनावश्यक खर्च’ म्हणून आराखड्यातून वगळला की पहिल्याची तपासणी कायमची वगळल्यासारखीच असते.

कायदा नाही असे म्हणता येणार नाही. १९१० चा वीज कायदा, १९५६ चे नियम, २००३ चा कायदा, केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाचे २०१० चे आणि त्यांच्या जागी आलेले २०२३ चे सुरक्षा-विनियम अशी परंपरा आहे, विद्युत् निरीक्षकाचे पद आहे, ठरावीक मुदतीने तपासणीची तरतूद आहे आणि विशिष्ट दाबापर्यंत मालकाने स्वतःच दाखला देण्याची मुभाही आहे. पण निरीक्षक येतो त्या दिवशी जे आहे ते पाहतो. गेल्या चार वर्षांत काय करायचे ठरले होते आणि का केले नाही, हे त्याला कोण सांगणार? म्हणून माझी सूचना अशी की प्रत्येक नियोजित विद्युत्-शटडाऊनची तारीख वर्षारंभी निरीक्षकाकडे दाखल व्हावी, आणि ती पुढे ढकलायची तर ढकलणाऱ्याने स्वतःच्या नावानिशी, कारणासह आणि नव्या तारखेसह लेखी शेरा मारावा, ज्याची प्रत आठवड्याच्या आत निरीक्षकाकडे जावी. तहकुबीला बंदी नको. तिला सही हवी. उद्योगपती म्हणतील की हा आणखी एक कागद वाढला. वाढू द्यावा, ज्या कारखान्यात हजार परवाने निघतात तेथे हा एक जड होऊ नये.

८ ऑगस्ट २०१८ रोजी भारत पेट्रोलियमच्या हायड्रोक्रॅकर विभागात स्फोट होऊन चाळीसहून अधिक माणसे जखमी झाली आणि आसपासच्या वस्तीला हादरे बसले. त्याचे खापर मी विजेवर फोडीत नाही. तो येथे आठवतो तो एवढ्यासाठीच की कुंपणाच्या आतला दोष आतच राहत नाही, आणि त्या कुंपणाबाहेर आता केवळ जुने गावठाण नव्हे, तर तानसा जलवाहिनीलगतून उठवून आणलेली हजारो कुटुंबेही राहतात, ज्यांना येथे राहण्याविषयी कोणी फारसे विचारले नव्हते. ह्या लोकांना कारखान्याचे आराखडे नकोत, पण कोणत्या शटडाऊनची तारीख कितव्यांदा पुढे गेली एवढे प्रभाग कार्यालयाच्या फलकावर वाचायला मिळण्यात कोणते व्यापारी गुपित फुटते, हे मला तरी उमगत नाही.

राहता राहिला तो प्रत्यक्ष पॅनेलसमोर उभा राहणारा माणूस. तो आज बहुधा कंत्राटदाराचा असतो, आज ह्या आवारात तर महिन्याने भलत्याच ठिकाणी, आणि ज्या परवान्यावर त्याची सही घेतली जाते तो त्याला वाचता येतोच असे नाही. ब्रेकर बंद करून त्यावर स्वतःचे कुलूप घालणे आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवणे ही पद्धत कागदोपत्री सर्वत्र मान्य आहे. पण कुलूप मुकादमाचे आणि किल्ली कार्यालयातल्या खिळ्यावर, असा प्रकार होऊ लागला की तिचे सार नाहीसे होते. कंत्राटाच्या निविदेतच प्रत्येक कामगारामागे एक कुलूप, त्याच्या भाषेतला परवाना आणि काम सुरू होण्यापूर्वी विद्युत्-दाब नसल्याची त्याच्यासमक्ष चाचणी, ही तीन कलमे घातली तर त्यांचा खर्च एका तासाच्या बंद उत्पादनाच्याही पासंगाला पुरणार नाही.