मधली वाहिनी

शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातील एखाद्या पाड्यावर कातकरी, ठाकर वा महादेव कोळी समाजातल्या वृद्धांच्या गोष्टी नोंदवायला जाणारा साहित्याचा विद्यार्थी आता वहीबरोबर कॅमेराही नेतो. याचे आम्हांला स्वागतच वाटते. मात्र अशा चित्रफितींत माळशेजचा पाऊस चहूबाजूंनी कोसळतो आणि गोष्ट सांगणाऱ्या आजीचे शब्द कान देऊनही कळत नाहीत, असे फार वेळा घडते. तंत्रज्ञांची बाब म्हणून हे सोडून देता येणार नाही. मौखिक वाङ्मयात उच्चार हीच संहिता असते.

दोष कोठे शिरतो? ५.१ ध्वनिरचनेत बोलणे मुख्यत्वे मधल्या वाहिनीत असते. पाऊस, वारा, वाद्ये बाजूच्या आणि मागच्या वाहिन्यांत. चित्रफीत दोन स्पीकरांसाठी उतरवताना हे सारे एकाच जागी येते आणि भोवताल बोलण्यावर चढून बसतो. संकलकाने नुसत्या पुढच्या डाव्या-उजव्या वाहिन्या उचलल्या, तर बोलणे जवळजवळ नाहीसेच होते.

अशा वेळी सरसकट आवाज वाढवणे व्यर्थ, कारण त्याबरोबर पाऊसही वाढतो. मधली वाहिनी वेगळी काढून ३ ते ६ डेसिबलने चढवावी, बोलणे चालू असेतो भोवताल उतरवावा आणि व्यंजने जेथे स्पष्ट होतात त्या २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात पावसाला थोडी कात्री लावावी. अर्थात बोलणारीचा आवाज जवळच्या मायक्रोफोनवर स्वतंत्र घेतला असेल, तरच हे साधते. एकाच मायक्रोफोनवर दोन्ही आले असतील, तर गोंगाट पुसणारी साधने वापरण्याचा मोह होतो. त्यांचा अतिरेक झाला की महाप्राण व्यंजनांतला श्वासही पुसला जातो. 'थाट' आणि 'ताट' यांतला भेद उरत नाही.

भोवताल हाही अस्सलपणाचा भाग आहे, असा आक्षेप घेतला जाईल. तो आम्हांला मान्य आहे. परंतु सांगणारी थांबते, श्वास घेते, आठवते. पावसाला तेवढी जागा पुरते. उपशीर्षके आहेतच, हा युक्तिवाद मात्र आम्हांला मुळीच पटत नाही. प्रमाण मराठीतली उपशीर्षके अर्थ पोहोचवतात. बोलीचे रूप, हेल आणि शब्द त्यांच्यामागे झाकले जातात. मग ती आजी पडद्यावर निसर्गदृश्याचा एक भाग होऊन बसते.

हस्तलिखिताचा संपादक पाठभेद नोंदवतो. ध्वनीच्या संपादकानेही मूळ मुद्रण जसेच्या तसे जपावे आणि कोठे काय चढवले, काय उतरवले, याची नोंद ठेवावी. मराठी विभागांना आमची एवढीच सूचना आहे: अशी चित्रफीत स्वीकारण्यापूर्वी ती उपशीर्षके झाकून, वर्गातल्या साध्या दोन स्पीकरांवर एकदा ऐकावी. शब्द लिहून घेता आले नाहीत, तर संकलन पूर्ण झालेले नाही.