ऑनसाइट मिळालं तर कुत्र्याचं काय?

कुत्रं दत्तक घ्यायला गेलं की ही संस्थावाली माणसं मुलीच्या बापासारखी चौकशी करतात, अशी तक्रार हल्ली आमच्या हापिसात जेवणाच्या टेबलावर हमखास ऐकू येते. "अरे, मी त्याला फुकटात घर देतोय, आणि ती बाई मलाच विचारते, घर भाड्याचं आहे का, संध्याकाळी किती वाजता येता, ऑनसाइट मिळालं तर कुत्र्याचं काय करणार? मी कुत्रं मागतोय की होम लोन?" मग सगळे हसतात, कोणीतरी "त्यापेक्षा विकतच घे ना" असा सल्ला देतो आणि गाडी अप्रेझलवर जाते.

माझं मत सरळ उलटं आहे. ती चौकशी जास्त नाही, उलट बऱ्याचदा कमी पडते. आपण एक फ्रेशर घ्यायचा तर तीन राउंड घेतो, आणि तो पोरगा दोन वर्षांत सोडून जाणार हे घेणाऱ्यालाही माहीत असतं आणि त्यालाही. छोटा पूडल बारा-पंधरा वर्षं जगतो. त्यासाठी पंधरा प्रश्न म्हणजे काहीच नाही.

पूडल मुद्दाम म्हणतोय, कारण गेल्या वर्षी आमच्या घरी एक आली. घर म्हणजे जळगावचं, मेहरूणमधलं. (मी पुण्यात, आई-बाबा तिकडे, हे इथल्या जुन्या वाचकांना माहीत आहेच.) जळगावबाहेरच्यांसाठी सांगायचं तर मेहरूण म्हणजे तलाव आणि बोरं. थंडीत मेहरूणची बोरं खाल्ली नसतील तर तो तुमचा तोटा. सकाळी तलावाकाठी फिरायला मोठी गर्दी असते. त्या गर्दीतल्या काही लोकांना दोन-तीन दिवस एक मळकट गाठोडं चालताना दिसत होतं. बकरीचं पिल्लू असेल असं वाटून कोणी लक्ष दिलं नाही. शेवटी कोणीतरी फोटो काढून प्राण्यांसाठी काम करणाऱ्या पोरांना पाठवला.

ही पोरं म्हणजे पाच-सहा जण. एक मेडिकलच्या दुकानात कामाला, एक शिकवण्या घेणारी, बाकी कॉलेजातले. शेड नाही, गाडी नाही. कुत्री ठेवायची ती एकाच्या गच्चीवर नाहीतर दुसरीच्या पार्किंगमध्ये. त्यांनी तिला पोत्यात घालून डॉक्टरकडे नेलं. पूडलचा केस आपल्या केसासारखा वाढतच राहतो, गळत फारसा नाही. विंचरला-कापला नाही तर त्याच्या जटा होतात, आणि जटा आतून कातडी ओढत राहतात. डॉक्टरांनी मशीन लावलं तेव्हा अंगावरून अख्खा गालिचाच निघाला. आत गोचीड, कान पिकलेले, नखं वळून पंजात रुतायला आलेली. दातांवरून वय सहाच्या आसपास. आणि आचळं लोंबलेली. बऱ्याच वेळा व्यालेली आहे, असं डॉक्टर म्हणाले. एवढी महागाची जात, पण शोधायला कोणीही आलं नाही. त्यावरून काय समजायचं ते समजा.

२००३ साली हचची ती पगवाली जाहिरात आली होती. ते छोटं पोरगं पुढे, पग मागे. आपल्यातल्या बहुतेकांनी ती शाळा-कॉलेजात असताना पाहिली असेल. त्यानंतर पग घरोघरी दिसायला लागला, आणि चपट्या नाकाच्या या कुत्र्याला उन्हाळ्यात धड श्वास घेता येत नाही हे लोकांना घरी आणल्यावर कळलं. मग लॅब्रेडॉर झाले, हस्की झाले. जळगावात मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो आणि लोक सैबेरियाचं कुत्रं पाळतात! पूडल, शिह त्झू हे त्याच रांगेतले पुढचे. फ्लॅटमध्ये मावतात, केस सोफ्यावर पडत नाहीत, फोटोत गोड दिसतात.

मागणी आली की पुरवठा करणारे येतातच. व्यापारी पैदाशीसाठी परदेशातून कुत्री आणायला सरकारने २०१६ मध्ये बंदी घातली. २०१७ मध्ये कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम केले. कागदावर नियम चांगले आहेत. मादी १८ महिन्यांची व्हायच्या आत तिची वीण घ्यायची नाही, आयुष्यात ५ पेक्षा जास्त विणी नाहीत, ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, धंदा करायचा तर राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी. आता मागच्या खोलीत दोन माद्या बांधून मोबाइलवर पिल्लांचे फोटो पाठवणाऱ्याला यातलं काय लागू करणार आणि कोण करणार? मादी थकली की ती नुसती खाणारं तोंड. मग तलाव आहे, हायवे आहे.

असं सोडून देणं हा गुन्हा आहे बरं का. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे. भुकेने-तहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावर विनाकारण सोडून देणं त्यात स्पष्ट लिहिलंय. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. १९६० मध्ये पन्नास रुपये बरीच रक्कम असेल. आज त्यात धड मिसळसुद्धा येत नाही.

इथे एक फरक लोकांच्या लक्षात येत नाही. "रस्त्यावर एवढी कुत्री आहेत, त्यात हे एक" असं सहज म्हटलं जातं. पण गल्लीतल्या कुत्र्याला गल्ली असते. कुठल्या हॉटेलमागे किती वाजता शिळ्या पोळ्या पडतात, कुठल्या गल्लीत शिरायचं नाही, ट्रक आला की कुठे सरकायचं, हे त्याला पक्कं माहीत असतं. आपल्या कायद्यानेही ती जागा धरलेली आहे. २००१ चे आणि मग २०२३ चे जन्मनियंत्रणाचे नियम हेच सांगतात की पकडा, नसबंदी करा, लस द्या, आणि जिथून उचललं तिथेच सोडा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टात यावरून मोठा गोंधळ झाला. आधी दिल्लीची सगळी कुत्री उचलून निवाऱ्यात टाकायचा आदेश आला, मग २२ तारखेला तो बदलून पिसाळलेली आणि हल्लेखोर वगळता बाकीची त्याच जागी सोडा असं सांगितलं. (नोव्हेंबरमध्ये शाळा, दवाखाने, बसस्टँड, रेल्वे स्टेशनांच्या आवारासाठी पुन्हा वेगळा आदेश आला.) या सगळ्यावर वाद घालायला मी तयार आहे, पण आज नको. मुद्दा इतकाच की पूडलला 'जिथून उचललं तिथे' असं काही नाही. तिला गल्ली नाही, टोळी नाही, कचऱ्यातून अन्न शोधायची अक्कल नाही. तलावाकाठी ती आणखी आठवडाभर टिकली असती असं मला वाटत नाही.

म्हणून ती पुन्हा रस्त्यावर येता कामा नये, आणि म्हणून ती चौकशी.

मी फोन केला तेव्हा माझी तयारी जय्यत होती. पगार, स्वतःचं घर, अंगण, कुत्र्यांची आवड, सगळं सांगून झालं. पलीकडे ती शिकवण्या घेणारी मुलगी होती. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली,

"दादा, तुम्ही महिन्यातून किती दिवस जळगावात असता?"

"चार-पाच. पण आई-बाबा असतात ना घरी."

"मग मला काकूंचा नंबर द्या."

संपला माझा इंटरव्ह्यू :) पुढचा अर्धा तास ती आईशी बोलली. हे मला नंतर आईकडून कळलं. काकू, तुमचे गुडघे कसे आहेत? सकाळी साडेपाचला कोण उठतं? तुम्ही लेकीकडे बाळंतपणाला गेलात तर काका एकटे तिचं करतील का? देवघरात, स्वयंपाकघरात आलेली चालेल का? आणि सगळ्यात भारी प्रश्न: "काकू, तुम्हाला कुत्रं हवंय का, की दादाला हवंय म्हणून तुम्ही हो म्हणताय?"

आई दोन मिनिटं गप्प होती म्हणे. मग म्हणाली, "बेटा, मला एक दिवस दे. ह्यांना विचारते."

हा प्रश्न आपल्यापैकी किती जणांनी आपल्या आईला विचारला असता? २०२० च्या लॉकडाऊनमध्ये लोकांनी कुत्री आणली. घरात बसून होते, कंटाळले होते, पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये पिल्लू आलं. मग हापिसं उघडली, आठवड्यात तीन दिवस या, मग पाच दिवस या. माझ्या ओळखीतली निदान चार कुत्री त्या काळात 'गावी' गेली. जळगाव, धुळे, चाळीसगाव, एक पार शिरपूरला. 'गावी आई-बाबा आहेत ना' हा आपल्या पिढीचा बॅकअप प्लॅन आहे. पिल्लू असो, जुना फ्रिज असो नाहीतर पुढेमागे नातवंडं असोत, सगळं तिकडे. आई-बाबा नाही म्हणत नाहीत. नाही म्हणायची त्यांना सवयच नाही. मग साठीतला माणूस मुलाने हौसेने घेतलेलं तीस किलोचं लॅब्रेडॉर ओढत फिरवतो आणि फोनवर "मजेत आहे तुझा शेरू" म्हणून सांगतो. त्या चारांपैकी एक आता नाही, आणि दुसरं कुठे आहे याचं उत्तर मला कोणी नीट देत नाही.

म्हणून घर कोणाचं यापेक्षा पट्टा कोणाच्या हातात असणार, हे विचारणारी संस्था मला शहाणी वाटते.

आता दुसरी बाजू. सगळ्याच संस्था असं विचारत नाहीत. काही ठिकाणी 'अविवाहित पुरुषाला नाही', 'भाडेकरूला नाही' असे सरसकट नियम असतात, ते मला पटत नाहीत. एकटा राहणारा, घरून काम करणारा मुलगा हा पाच माणसांच्या पण दिवसभर कुलूप असलेल्या घरापेक्षा कधीही चांगला. दिनक्रम विचारा, रेशनकार्ड नको. आणि दुसरं म्हणजे ते रडके मेसेज. 'आज रात्रीपर्यंत घर मिळालं नाही तर हा मरेल', सोबत पाच रडणारे चेहरे. मला त्या पोरांची अगतिकता कळते. गच्चीवर सातवं कुत्रं आलं की कोणीही तसंच लिहील. पण असा मेसेज वाचून जो धावत येतो तो दया घेऊन येतो, आणि ती साधारण पहिल्या गोचीडतापाच्या बिलापर्यंत पुरते.

आमच्याकडे तसं झालं नाही, कारण घाईच झाली नाही. आईने एक दिवस मागितला होता, घेतले चार. मग ती पोरं घर बघून गेली, फाटकाच्या खालची फट विटा लावून बुजवायला सांगितली. पंधरा दिवस नुसतं सांभाळायला, मग पक्कं. फी नाही, पण नसबंदीचा खर्च आमचा. रंग पिकल्या बोरासारखा तांबूस, म्हणून आईने नाव ठेवलं बोरी. गल्लीत पहिला आठवडा "काय भो, हे मेंढरू कुठून आणलं?" हेच चालू होतं.

पूडलबद्दल एक गंमत सांगायची राहिली. ही जात मूळची जर्मनीतली, पाण्यात पडलेली बदकं उचलून आणणारी शिकारी कुत्री. फ्रान्सने नंतर तिला पार्लरमध्ये नेलं. ते ठिकठिकाणी गोंडे ठेवून कापलेले केस बघून आपल्याला हसू येतं ना? त्याचं मूळ म्हणे पोहताना अंग हलकं राहावं पण सांधे आणि छाती गार पडू नये, यात आहे. आमची बोरी या थोर परंपरेची वारस. तलावाच्या काठाला पाय ओला झाला तर बाबांकडे बघून उचलून घ्यायला सांगते.

खानदेशात पूडल सांभाळणं हे काम आहे, हेही सांगितलं पाहिजे. दर चार-सहा आठवड्यांनी केस कापायचे. पार तुळतुळीत करायचे नाहीत, ऊन कातडीला लागतं. कान कोरडे ठेवायचे. पावसाळ्यात रोज बोटांनी गोचीड शोधायचे. मार्च ते जून फिरणं फक्त उजाडायच्या सुमाराला आणि रात्री आठनंतर, तेही डांबरावर हाताची मागची बाजू टेकवून बघायची, आपल्याला सोसत नसेल तर तिला कसं सोसेल? गल्लीतल्या सलूनवाल्याने नम्रपणे नकार दिला, तेव्हा मी पुण्याहून मशीन पाठवलं. आता दर महिन्याला एका रविवारी अंगणात पेपर पसरून आई केस कापते आणि बाबा तोंड धरून बसतात. दोन्ही बाजू कधीच सारख्या होत नाहीत.

दत्तकाचा कागद दोन पानी होता. त्यातलं मला सगळ्यात आवडलेलं कलम म्हणजे कुत्रं सांभाळणं जमलं नाही तर दुसऱ्या कोणाला परस्पर द्यायचं नाही, विकायचं नाही, सोडायचं नाही. आम्हाला परत द्या, कारण विचारणार नाही. पंधरा प्रश्न विचारणारी माणसं शेवटचा प्रश्न मात्र विचारणार नाहीत असं लिहून देतात. ऑनसाइटवाल्या मित्रांनो, तुम्हाला हवी असलेली सोय खरं तर ही आहे, आणि ती विकतच्या पिल्लाबरोबर मिळत नाही.

कागदावर अर्जदार म्हणून सही आईची आहे. माझं नाव खाली, 'पर्यायी संपर्क' या रकान्यात.