दूध तपासायला विष कशाला?

गाईला दगडी (कासदाह) झाली की सडात प्रतिजैविकाची ट्यूब सोडतात. सूज उतरते, आणि ठरलेले दिवस दूध डेअरीला घालू नका हा डॉक्टरांचा सल्ला त्याच घाईत विसरला जातो. २०१८ साली अन्न सुरक्षा प्राधिकरणाने देशभरातून घेतलेल्या ६,४३२ नमुन्यांपैकी ७७ नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश मर्यादेबाहेर निघाले. हे अंश खात्रीने पकडायचे ते क्रोमॅटोग्राफीने. आणि त्या यंत्रातून बहुतेक ठिकाणी वाहतं अ‍ॅसिटोनायट्राइल, जे पोटात गेलं तर शरीर त्यातून सायनाइड तयार करतं.

त्याजागी इथेनॉल वापरा म्हटलं की जुने विश्लेषक मान हलवतात: अचूकता जाईल. इथेनॉल २१० नॅनोमीटरखालचा प्रकाश शोषून घेतं, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण प्रतिजैविकांपैकी ऑक्सिटेट्रासायक्लिन आपण पाहतो ३५५ च्या आसपास, आणि एन्रोफ्लॉक्सासिन तर अंगचंच चमकतं, त्याला फ्लुरोसन्स डिटेक्टर पुरतो. २१० खालच्या अंधाराशी या दोघांचं देणंघेणंच काय? इथेनॉल आणि पाणी एकत्र आले की मिश्रण दाटसर होतं, पंपावर दाब चढतो, हा आक्षेप जास्त वजनाचा. त्यावर उपाय मात्र साधा आहे: कॉलम ५०-६० अंशांवर तापवायचा.

‘हे चोचले श्रीमंत देशांना परवडतात’ असंही ऐकू येतं. हिशेब उलटा आहे. ४.६ मिलिमीटरच्या कॉलममधून मिनिटाला एक मिलिलिटर सोडून वीस मिनिटं चालवलं की एका नमुन्यामागे वीस मिलिलिटर द्रावण गटाराच्या नव्हे, तर भट्टीच्या वाटेला लागतं (निदान लागायला हवं). २.१ मिलिमीटरच्या कॉलमवर ०.४ च्या वेगाने पाच मिनिटांत काम झालं तर लागतं फक्त दोन. शिवाय अ‍ॅसिटोनायट्राइल हा अ‍ॅक्रिलोनायट्राइलचा जोडउत्पाद. २००८-०९ च्या मंदीत अ‍ॅक्रिलोनायट्राइलची मागणी घटली तेव्हा जगभरच्या प्रयोगशाळा रिकाम्या बाटल्या घेऊन बसल्या होत्या. मग परवडत नाही ते नेमकं काय?

हरित रसायनशास्त्राच्या पुरस्कर्त्यांचंही सगळं खरं नाही. शोधनिबंधात पद्धत किती हरित हे दाखवणारं रंगीत चक्र काढून स्वतःला गुण द्यायचे आणि यंत्राने खाल्लेली वीज, नमुना काढताना ओतलेलं द्रावण विसरायचं, ही लबाडीच. क्लोरॅम्फेनिकॉलसारख्या बंदी असलेल्या औषधासाठी युरोप ०.१५ मायक्रोग्रॅम प्रतिकिलोवर कारवाई करतो. तिथे मास स्पेक्ट्रोमीटरला पर्याय नाही, आणि त्यासाठी अ‍ॅसिटोनायट्राइल लागलंच तर मी हरकत घेणार नाही. पण शंभर मायक्रोग्रॅमची मर्यादा असलेल्या ऑक्सिटेट्रासायक्लिनला तीच तोफ कशाला?

खरी अडचण वेगळीच आहे. आपले साखर कारखाने पेट्रोलमध्ये मिसळायला टँकर भरभरून इथेनॉल पाठवतात, आणि प्रयोगशाळेला मात्र शुद्ध इथेनॉल हवं असेल तर उत्पादन शुल्क खात्याचा परवाना मिळवावा लागतो. अ‍ॅसिटोनायट्राइलची बाटली त्या मानाने एका फोनवर दारात येते. हा आक्षेप कुणी घेतला तर मी सोबत सही करीन.