दोनशे डॉलरचा राक्षस

शनिवारी रात्री माझ्या वन रूम किचनमध्ये आम्ही सहा जण दाटीवाटीने बसलो होतो आणि समोरच्या भिंतीवर एक वांगं जग जिंकायला निघालं होतं.

वांगंच हो. खाली रुंद, वर निमुळतं, मध्ये दात विचकलेलं तोंड, रागीट भुवया आणि दोन्ही बाजूंना खेकड्यासारख्या नांग्या. वांगं आणि खेकडा यांच्या घरच्यांनी ठरवून लग्न लावून दिलं तर जे होईल, ते. हा प्राणी शुक्र ग्रहावरून आलाय, माणसांची मनं ताब्यात घेतो आणि एका गुहेत बसून पृथ्वीवर राज्य करण्याचे प्लॅन आखतो. सिनेमाचं नाव 'इट कॉन्कर्ड द वर्ल्ड', साल १९५६, दिग्दर्शक रॉजर कॉर्मन. आमच्या ग्रुपमधला आयटीवाला मित्र इतका हसला की त्याच्या हातातलं कोल्ड्रिंक माझ्या एकुलत्या एका चांगल्या चादरीवर सांडलं. चादर भिजली, सिनेमा हिट!

तर वाचकहो, कबुली देऊनच टाकते. मला स्वस्तातले जुने मॉन्स्टर सिनेमे जाम आवडतात. मासकॉमला असताना आम्हाला फिल्म अॅप्रिसिएशनच्या तासाला बर्गमन, रे, कुरोसावा दाखवायचे. मी अतिशय गंभीर चेहऱ्याने नोट्स काढायचे आणि रूमवर येऊन महाकाय खेकडे, महाकाय जळवा बघायचे. 'द किलर श्रूज' (१९५९) नावाच्या सिनेमात तर माणसं खाणाऱ्या चिचुंद्र्या म्हणून चक्क कुत्र्यांना केसाळ पांघरुणं घालून पळवलंय. कुत्री बिचारी भलतीच खूश दिसतात. शेपटी हलवत हल्ला! आणि 'रोबॉट मॉन्स्टर' (१९५३) मधला परग्रहवासी म्हणजे गोरिलाचा पोशाख घातलेला माणूस, डोक्यावर पाणबुड्याचं हेल्मेट. का? कारण त्या नटाकडे गोरिलाचा पोशाख स्वतःचा होता. बजेट मीटिंग संपली.

हसायला येतं, हे खरंच. पण नुसतं हसायचं असतं तर एक सिनेमा पुरे झाला असता. मी गेली सात-आठ वर्षं बघतेय आणि याचं कारण त्या वांग्याच्या आत बसलेला माणूस आहे. आत म्हणजे अक्षरशः आत, उकिडवा.

त्याचं नाव पॉल ब्लेसडेल.

आधी थोडा माहोल सांगते. पन्नासच्या दशकातली अमेरिका. घरोघरी टीव्ही आल्यामुळे मोठे स्टुडिओ धास्तावलेले, पण तरुण पोरांकडे गाड्या आलेल्या आणि गावोगाव ड्राइव्ह-इन थिएटरं उघडलेली. दशक संपता संपता अशी थिएटरं चार हजारांच्या वर गेली होती. गाडीत बसून, शेजारी मैत्रीण घेऊन सिनेमा बघायला येणाऱ्या पोरांना पडद्यावर नेमकं काय चाललंय याच्याशी किती देणंघेणं असणार, हे जेम्स निकल्सन आणि सॅम्युएल आर्कॉफ या दोघांनी बरोब्बर ओळखलं. त्यांची कंपनी म्हणजे अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स. त्यांचा फंडा भन्नाट होता. आधी नाव ठरवायचं, मग पोस्टर करायचं, थिएटरवाल्यांना ते आवडलं तर मग स्क्रिप्ट! आमच्याकडे आधी जाहिरातीची जागा ठरते आणि मग लेखाचे शब्द, तसंच. (एडिटरबाई, हे वाक्य कापू नका.)

या पद्धतीत कधीतरी फसगत होणारच. १९५५ साली त्यांनी 'द बीस्ट विथ अ मिलियन आइज' केला. पोस्टरवर अक्राळविक्राळ राक्षस. सिनेमा बघितल्यावर वितरक म्हणाले, छान आहे, पण राक्षस कुठाय? राक्षस नव्हताच! आता घाईघाईने एक पैदा करायला हवा. स्टॉप-मोशनचा बादशहा रे हॅरीहाउझेन परवडणारा नव्हता. दुसऱ्या एकाने हजार डॉलर मागितले, तेही जास्त वाटले. शेवटी फॉरेस्ट अॅकरमन नावाच्या एजंटने आपल्याकडच्या एका चित्रकाराचं नाव सुचवलं. सायन्स फिक्शन मासिकांसाठी चित्रं काढणारा, त्याआधी विमान कंपनीत टेक्निकल ड्रॉइंग केलेला पंचविशीतला पोरगा. सिनेमाचा अनुभव शून्य. तो म्हणाला, करतो. मजुरी दोनशे डॉलर, सामानाचे दोनशे.

आणि त्याने केला. जेमतेम दीड फुटी, हातात घालून हलवायचा बाहुला. त्याचं लाडाचं नाव 'लिटल हर्क्युलस'. लॉस एंजेलिसजवळच्या टोपांगा कॅन्यनमध्ये ब्लेसडेल आणि त्याची बायको जॅकी राहायचे. फोम रबर, लेटेक्स, रंग आणि हाताला लागेल ते, एवढ्यावर या नवरा-बायकोने पुढची चार वर्षं अमेरिकेतल्या पोरांना घाबरवलं. तो सोंग बनवायचा, बहुतेकदा तोच आत शिरायचा. वेगळा नट घ्यायला पैसे कुठे होते?

मला हे वाचताना आमच्या गल्लीतलं मंडळ आठवतं. आमच्याकडे एका वर्षी बकासुराचा देखावा होता. वर्गणी जेमतेम जमलेली, मग एका दादाने थर्माकोल, गोणपाट आणि सायकलची चेन यांतून बकासुर उभा केला. जबडा उघडायचा, मिटायचा. तिसऱ्या दिवशी मोटर जळली, तेव्हा उरलेले दिवस तो दादा मागे बसून हाताने दोरी ओढत होता. आम्ही पोरं मागे जाऊन त्याला दोरी ओढताना बघायचो आणि पुन्हा पुढे येऊन घाबरायचो. दोन्ही खरं होतं! कॉम्प्युटरवर बनवलेला ड्रॅगन कितीही झकास असो, त्याच्या मागे जाऊन बघता येत नाही.

आता आमच्या वांग्याकडे परत. कॉर्मन हा इंजिनिअरिंगची डिग्री घेतलेला माणूस. त्याचं लॉजिक असं की जड गुरुत्वाकर्षणाच्या ग्रहावरचा प्राणी बुटका आणि बसका असणार. ब्लेसडेलने तसा केला, तोही गुहेच्या अंधारात बसून राहील या हिशोबाने. मग म्हणे नायिका बेव्हर्ली गार्लंड शूटिंगच्या आधी त्याच्यासमोर येऊन उभी राहिली, त्याच्याकडे खाली बघून 'तू जग जिंकणार होय रे?' अशा अर्थाचं काहीतरी बोलली आणि तिने एक लाथ घातली. हा किस्सा कॉर्मन स्वतः रंगवून सांगायचा. लगोलग राक्षसाची उंची वाढवली गेली. त्यावर कडी म्हणजे क्लायमॅक्सला त्याला गुहेतून बाहेर, भर उन्हात आणलं. अंधारासाठी शिवलेला पोशाख उन्हात उभा. आमचा आयटीवाला हसला तो नेमका इथे.

मग मी त्याला दुसरा सिनेमा दाखवला. 'इट! द टेरर फ्रॉम बियॉन्ड स्पेस', १९५८. अवकाशयानात एक प्राणी लपून शिरलाय आणि एकेकाला संपवतोय. ओळखीचं वाटतंय? १९७९ च्या 'एलियन'चं मूळ म्हणून या सिनेमाचं नाव हमखास घेतलं जातं. यात राक्षसाच्या पोशाखात रे कॉरिगन हा जुना नट होता. साहेब काही टोपांगापर्यंत डोक्याचं माप द्यायला गेले नाहीत. ब्लेसडेलने अंदाजाने मुखवटा केला. सेटवर घातला तर कॉरिगनची हनुवटी राक्षसाच्या तोंडातून बाहेर! नवीन मुखवटा करायला ना वेळ, ना पैसे. ब्लेसडेलने काय करावं? त्याने ती हनुवटी रंगवली आणि तिची जीभ केली.

मी सिनेमा पॉज करून ती जीभ दाखवली. या वेळी कुणी हसलं नाही. आयटीवाला म्हणाला, "बॉस, प्रॉडक्शनमध्ये बग फिक्स!" ही त्याच्याकडून मिळणारी सर्वोच्च दाद.

ब्लेसडेलच्या कामात अशा गमती ठासून भरल्यात, आणि गंमत म्हणजे त्यातल्या कित्येक पडद्यावर आल्याच नाहीत. 'द शी-क्रिएचर' (१९५६) साठी त्याने समुद्रातून येणारी एक भयंकर बाई बनवली. खवले, पंख, शेपूट, सगळं. तिच्या पोटावर त्याने आकड्यांची रांग बसवली होती, सावज मिठीत धरून त्यात अडकवायला. त्यांना तो 'लंच हुक्स' म्हणायचा. डबा खायचे आकडे! सिनेमात ते वापरलेच नाहीत. शूटिंग उरकायची घाई. पण पोशाख मात्र कंपनीने पुरेपूर वसूल केला. पुढच्याच वर्षी 'व्हूडू वुमन'मध्ये वेगळं डोकं आणि केसांचा टोप लावून तीच बाई हजर. आमच्या लग्नाळू मावशीची पैठणी कशी दर लग्नात वेगळ्या ब्लाउजवर येते, तशी.

१९५७ च्या 'इन्व्हेजन ऑफ द सॉसर मेन'मधली त्याची परग्रहावरची माणसं मात्र माझी सगळ्यात लाडकी. कोबीएवढी, नव्हे, कलिंगडाएवढी शिरा-शिरांची डोकी, बटाटे डोळे आणि बोटांत सुया. या सुयांमधून ते माणसांना दारू टोचतात. म्हणजे पीडित माणूस पोलिसांत गेला तरी पोलीस म्हणणार, हा तर टाइट आहे! परग्रहवासीयांच्या आक्रमणाची इतकी प्रॅक्टिकल योजना मी दुसरीकडे कुठेही पाहिलेली नाही.

इथवर सगळं टाइमपास. पुढचं मला एकटीला बघावं लागलं, कारण बाकीचे एव्हाना शेवटची लोकल पकडायला पळाले होते.

दशकाच्या शेवटी लाट ओसरायला लागली. १९५८ साली कंपनीने 'हाऊ टू मेक अ मॉन्स्टर' काढला. गोष्ट काय, तर एका स्टुडिओत वर्षानुवर्षं राक्षसांचा मेकअप करणारा माणूस असतो. नवे मालक येतात आणि सांगतात, राक्षसांचा जमाना गेला, आता गाण्यांचे सिनेमे काढणार, तुम्ही या. तो माणूस मग सूड घेतो वगैरे. त्याच्या घरी त्याची 'लेकरं' भिंतीवर टांगलेली असतात, जुन्या सिनेमांतले मुखवटे. ते ब्लेसडेलच्या हातचे. शेवटी त्या घराला आग लागते आणि पडद्यावर ते एकेक वितळत जातात.

आणि १९५९ मध्ये 'द घोस्ट ऑफ ड्रॅगस्ट्रिप हॉलो'. हॉट रॉड गाड्या उडवणारी पोरं, एक भुताटकीचं घर, पार्टी, नाचगाणी. शेवटी पोरं भुताला पकडतात, मुखवटा काढतात, तर आत एक साधासा, लहानखुरा माणूस. पॉल ब्लेसडेल स्वतः, अंगावर त्याच जुन्या शी-क्रिएचरचे अवशेष. आणि तो तक्रार करतो. मी तुमच्या अमक्या सिनेमात लोकांना घाबरवलं, तमक्यात घाबरवलं, आणि 'हॉरर्स ऑफ द ब्लॅक म्यूझियम'मध्ये मला कामही दिलं नाहीत! इतकी वर्षं इमानदारीने राबलो, आणि दिलं फेकून!

हा सीन विनोदी आहे. पोरं हसतात. लिहिणाऱ्याने तो विनोद म्हणूनच लिहिलाय.

मी मात्र रात्री दीड वाजता लॅपटॉपसमोर बसून तो तीन वेळा बघितला. कारण त्याच दुपारी मी एका ऑफिसात सातव्यांदा फोन केला होता. गेल्या दिवाळीच्या आधी त्यांच्यासाठी अख्खं कॉफी टेबल बुक लिहून दिलं, चकचकीत छापून आलं, माझं नाव शेवटच्या पानावरही नाही आणि चेक अजून 'प्रोसेस'मध्ये आहे. फोनवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली होती, "मॅडम, पुढच्या पुस्तकासाठीही तुम्हालाच घेणार आहोत, फक्त या वेळी बजेट जरा टाइट आहे." मी "हो हो, बघू या" म्हणाले. हनुवटी रंगवायला आपण सगळेच शिकतो, नाही का?

ब्लेसडेलने त्यानंतर राक्षस बनवणं जवळजवळ सोडलंच. १९६२ मध्ये मित्र बॉब बर्न्सबरोबर त्याने राक्षसांच्या सिनेमांवरचं एक मासिक काढलं. सात अंक निघाले, मग बंद. पुढे सुतारकाम केलं. १९८३ साली टोपांगातच कॅन्सरने गेला, साठीही न गाठता. तिकडे कॉर्मनला २००९ मध्ये मानद ऑस्कर मिळालं, आणि मिळायलाच हवं होतं, कोपोला, स्कोर्सेसी, जेम्स कॅमेरॉन अशा कित्येकांना त्याने सुरुवातीला काम दिलंय. तो २०२४ मध्ये ९८ व्या वर्षी गेला तेव्हा जगभर लेख आले. मीही एक लिहिला. त्यात ब्लेसडेलचं नाव एकदा होतं, शब्दमर्यादेत बसेना म्हणून मीच कापलं.

म्हणून आज हा अख्खा कॉलम त्याच्या नावावर.

सोमवारी मी आठवा फोन केला. या वेळी आवाज जरा चढवला, मेलवर तारखा टाकल्या, आणि पुढच्या पुस्तकाला 'अर्धे पैसे आधी' असं लिहून पाठवलं. अजून उत्तर नाही. येईल तेव्हा येईल.

दरम्यान या शनिवारी 'द बीस्ट विथ अ मिलियन आइज' लावतेय. साबुदाणा वडे मी करते, चादर तुम्ही आणा. आणि ट्रॅफिकमध्ये अडकलात तर उगाच रिक्षावाल्याशी भांडू नका. राक्षस अगदी शेवटच्या काही मिनिटांतच येतो.