शेतघराची वाट आणि पाण्याची वाट

वऱ्हाडातील शेतकरी गावठाण सोडून वावरात घर बांधू लागला आहे. ओलिताची देखरेख, जनावरांची सोय, रोही व रानडुकरे यांच्यापासून पिकाची राखण, ही त्याची कारणे रास्त आहेत. घर झाले की त्याला वाट हवी. काळ्या जमिनीत ऐन पावसाळ्यात बंडीचे चाक आसापर्यंत रुतते; आजारी माणसास खाटेवर घालून सडकेपर्यंत आणावे लागते. म्हणून घरधनी मुरुमाची भर घालून रस्ता उंच करतो. या गरजेविरुद्ध प्रस्तुत लेखकास काहीही म्हणावयाचे नाही. म्हणावयाचे आहे ते इतकेच की, सपाट रानात दोन फूट उंचीची भर घातली म्हणजे आपण रस्त्याबरोबरच एक बांधही घालतो, आणि त्या बांधाची पाहणी कोणी केलेली नसते.

हे मी दुसऱ्याच्या चुकीवरून सांगत नाही. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत दर्यापूर तालुक्यातील एका गावी एका शेतकरी बंधूंनी मला आपल्या शेतघराच्या रस्त्याची आखणी दाखविली. मे महिना होता. रान ताटासारखे सपाट दिसत होते. मी धुऱ्यावरून एक फेरी मारली आणि आखणी ठीक असल्याचे सांगितले. रस्ता चांगला झाला. जुलैमध्ये एका रात्री मोठा पाऊस झाला आणि वरच्या अंगाच्या वावरात आठ दिवस पाणी तुंबून राहिले. ते अडीच एकरांचे वावर एका विधवा बाईंचे होते. त्यांची तूर उभ्या उभ्या पिवळी पडून गेली. पुढील उन्हाळ्यात रस्ता तीन ठिकाणी फोडून सिमेंटचे नळ घातले व पाण्याचा प्रश्न सुटला. परंतु त्या दोन घरांमधील बोलणे जे बंद झाले, ते माझ्या बदलीपर्यंत सुरू झाले नव्हते. रस्ता बांधणाऱ्याचा त्यात दुष्ट हेतू नव्हता. पाहणी मी केली होती. पण ती चुकीच्या महिन्यात केली होती.

असे का घडते, हे समजून घेणे अगत्याचे आहे. अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णेच्या खोऱ्यात, विशेषतः खारपाणपट्ट्यात, जमीन खोल, चिकण व काळी आहे. उन्हाळ्यात तिला हातभर खोल भेगा पडतात. पाऊस पडला की ती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी मुरण्याचा वेग अत्यंत मंद होतो. खारपाणपट्ट्यातील मातीत सोडियमचे प्रमाण अधिक असल्याने मातीचे कण सुटे होऊन छिद्रे बुजतात व निचरा आणखी कमी होतो. अशा रानातील पाणी ओढ्यानाल्यांतून वाहण्यापूर्वी पातळ थराने, डोळ्यांना न दिसणाऱ्या उतारावरून सरकत जाते. त्या थरापुढे आडवी भर आली की पाणी थांबलेच. मुळांना हवा मिळत नाही, आणि तुरीसारखे पीक पाणी तुंबलेले फार दिवस सोसत नाही.

थोडा हिशेब मांडून पाहू. एका हेक्टरवर 1 सेंटिमीटर पाऊस पडला म्हणजे 1 लाख लिटर पाणी पडते. रस्त्याच्या वरच्या अंगास 4 हेक्टर रान असेल आणि एका रात्रीत 5 सेंटिमीटर पाऊस झाला, तर 20 लाख लिटर पाणी होते. त्यातील निम्मे मुरले असे धरले, तरी 10 लाख लिटर पाण्यास वाट हवी. ती आपण ठेवली नाही तर पाणी ती स्वतः शोधते. प्रथम शेजाऱ्याच्या पिकातून आणि मग आपल्या रस्त्यातून.

दुसरा हिशेब मुरुमाचा. 300 मीटर लांब, साडेतीन मीटर रुंद व 60 सेंटिमीटर उंच भरीस 630 घनमीटर, म्हणजे सुमारे 222 ब्रास मुरूम लागतो. हा येतो कोठून? बहुधा गावच्या टेकडीवरून किंवा ई-वर्ग जमिनीतून. गुरांच्या चराईसाठी राखलेल्या त्या जमिनीत 2 मीटर खोलीचा खड्डा केला, तर 315 चौरस मीटर गवत एका घराच्या रस्त्यापायी जाते. गावात अशी दहा घरे झाली म्हणजे चराई किती उरेल, याचा विचार ग्रामसभेने करावयाचा आहे. मुरूम हे गौण खनिज असल्याने महसूल खात्याची परवानगी व स्वामित्वधन यांवाचून तो तेथून काढता येत नाही, हेही विसरू नये.

यावर काही बंधू म्हणतील की, आपल्या वावरात आपण रस्ता केला तर त्यात पाहणी कसली? केंद्र शासनाची 2006 ची पर्यावरण आघात मूल्यांकनाची अधिसूचना मोठ्या महामार्गांसाठी आहे, बांधावरच्या वाटेसाठी नाही. हे म्हणणे कायद्याच्या अक्षराप्रमाणे बरोबर आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात 1970 च्या कायद्याखाली काही परगण्यांत एकट्या घराच्या वाटेसाठी डोंगरउतार कापावयाचा झाला, तरी तिचा पाणी, झाडे व शेजार यांवर होणारा परिणाम तपासून तो लोकांपुढे ठेवावा लागतो. तेवढा कागदी व्याप आपणास परवडणार नाही आणि त्याची गरजही नाही. पण त्यामागील प्रश्न आपलाही आहे. रस्ते इत्यादींच्या कामासाठी साधी माती काढण्यास 2020 साली पूर्वपर्यावरण मंजुरीतून सूट देण्यात आली होती. किती माती व किती क्षेत्रातून, याची मर्यादाच तीत नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने 21 मार्च 2024 रोजी ती सूट रद्द केली. रस्ता उपयोगी आहे म्हणून तपासणी नको, हा युक्तिवाद तेथे टिकला नाही. तो आपल्या धुऱ्यावरही टिकू नये.

शिवाय कायदा अगदीच मुका नाही. शेजाऱ्याच्या शेतजमिनीस अपाय होईल अशा रीतीने पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडविल्यास, मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 खाली सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे दाद मागता येते व अडथळा काढून टाकण्याचा आदेश होऊ शकतो. पण तहसीलची पायरी चढेपर्यंत तूर थांबत नाही. महसूल खात्याने मे 2025 मध्ये शेतरस्ते 3 ते 4 मीटर रुंद असावेत व त्यांची सातबाऱ्यावर इतर हक्कांत नोंद व्हावी असे ठरविले आहे. रुंद रस्ते होणार हे चांगलेच. परंतु रुंदीबरोबर भरही वाढणार, म्हणून पाहणीची निकड अधिक.

माझी सूचना अशी की, ग्रामपातळीवरील सेवकवर्गाने प्रत्येक शेतघराच्या रस्त्यासाठी एका कागदावर मावेल एवढी पाहणी करावी व तीत पुढील गोष्टींची नोंद घ्यावी.

पहिली, पाण्याची. आखणी श्रावणात करावी व काम वैशाखात. पाऊस चालू असताना किंवा उघडल्याबरोबर आखणीवरून चालावे, पाणी ओलांडते तेथे खुंट्या ठोकाव्यात आणि त्या रानात वर्षानुवर्षे डवरे हाकलेल्या वृद्धास विचारावे.

दुसरी, उंचीची. गरजेपेक्षा इंचभरही अधिक भर नको. पाणी ओलांडते तेथे रस्ता उंच न करता दगडी फरसबंदीचा खोलगट रपटा करावा किंवा नळ घालावेत. दोन फुटांहून कमी व्यासाचा नळ काडीकचऱ्याने लवकर तुंबतो. रस्त्यास मध्यापासून दोन्ही बाजूंस ढाळ द्यावा. तीन मीटर रुंदीच्या रस्त्यास मध्यभागी 6 सेंटिमीटर उंची पुरते. बाजूच्या चराचे पाणी शेजाऱ्याच्या वावरात न सोडता नाल्यात किंवा शेततळ्यात न्यावे. खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी खारे; तेथे हे गोडे पाणी संरक्षित ओलितास मोलाचे आहे.

तिसरी, मातीची व झाडांची. रस्त्याखालील वरचा वीतभर कसदार थर आधी काढून वावरात पसरावा. मुरूम कोठून येणार व तो खड्डा पुढे कसा बुजविणार, हे लिहावे. धुऱ्यावरील निंब, बाभूळ, बोर शक्य तो राखावेत. साग, मोह, चिंच, आंबा यांच्या तोडीस 1964 च्या कायद्याप्रमाणे परवानगी घ्यावी. मेळघाटात डोंगरउतारावरून सरळ खाली उतरणारी वाट दोन पावसाळ्यांत ओहोळ बनते, म्हणून ती समपातळीस धरून वळवीत न्यावी. आणि वनजमिनीतून खाजगी घराची वाट परवानगीशिवाय काढूच नये.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. वरच्या व खालच्या दोन्ही शेजाऱ्यांनी आखणी प्रत्यक्ष पाहून कागदावर सही किंवा अंगठा करावा. ही केवळ संमती नव्हे; त्यांना त्यांच्या रानातील पाणी आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असते.

या सर्वांस एक दिवस पावसात भिजावे लागेल आणि दोन-तीन नळांचा खर्च येईल. त्या मानाने फोडलेला रस्ता पुन्हा बांधणे महाग पडते, आणि तुटलेला शेजार तर पैशाने सांधता येत नाही. बंधूंनो, घराकडे येणारी वाट जरूर करा. मात्र तिच्या आधी त्या रानातून जी वाट वाहत होती, तिला प्रथम जागा द्या आणि मगच मुरुमाची पहिली पाटी टाका.