मिटींगला एकदा जाऊन बसा

दारूच्या दुकानापुढे उभं राहताना कोणी पाहील याची चिंता नसते, पण मिटींगच्या खोलीकडे वळताना मात्र पाय जड होतात. दारू सोडू पाहणाऱ्या कितीतरी माणसांचं गाडं इथेच अडतं. "ओळखीचं कोणी भेटलं तर?" भेटलंच, तर तोही त्याच दुखण्यासाठी आलेला असेल. आणि मोहल्ल्याला तुमच्या पिण्याची खबर केव्हाच लागलेली आहे. म्हणून ही लाज आता बाजूला ठेवा, एवढी माझी विनंती आहे.

मी सांगतोय ते अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मिटींगबद्दल. सगळे तिला 'एए' म्हणतात. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात शेअर बाजारातला एक माणूस आणि एक सर्जन, दोघंही दारूने पार खचलेले, एकमेकांशी बोलत बसले. बायकोचं, डॉक्टरचं, पाद्र्याचं न ऐकणारा पिणारा दुसऱ्या पिणाऱ्याचं ऐकतो, हे त्यांच्या ध्यानात आलं. भारतात हे काम १९५७ पासून चालू आहे. फी नाही. आडनाव, जात, पगार कोणी विचारत नाही. शेवटी डबा फिरतो, त्यात टाकायचे तर टाका. अट एकच, दारू सोडायची इच्छा हवी.

पहिल्या दिवशी काय होतं? साधीशी खोली असते, खुर्च्या असतात, बहुधा चहा असतो. एकेक जण आपलं नाव सांगतो, मी दारुडा आहे म्हणतो आणि आपली कहाणी सांगतो. गहाण टाकलेलं मंगळसूत्र, पोराच्या फीचे उडवलेले पैसे, सुटलेली नोकरी. याला ते 'शेअरिंग' म्हणतात. मधे कोणी टोकत नाही, उपदेश करत नाही. तुम्हाला बोलायचं नसेल तर नुसते ऐका. ऐकता ऐकता आपलीच गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून येते, आणि घरात वर्षानुवर्षं 'मी काही एवढा पीत नाही' म्हणणारा माणूस तिथे गप्प होतो. जन्मभराची शपथ तिथे घ्यायची नसते. फक्त आजचा दिवस प्यायचं नाही.

देवाचं नाव निघतं, त्याने बिचकू नका. देव न मानणारेही तिथे बसतात. एका गटात मन रमलं नाही तर दुसऱ्यात जा. पण एका मिटींगवरून निकाल देऊ नका. आठ-दहा वेळा तरी बसून पाहा.

नुसतं बोलून दारू सुटते का, हा प्रश्न रास्त आहे. २०२० साली कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यास आणि दहा हजारांहून जास्त माणसांची माहिती तपासली. दारूपासून पूर्ण दूर राहण्यात एए आणि रुग्णाला एएशी जोडून देणारे उपचार इतर मान्य मानसोपचारांपेक्षा सरस दिसले. सगळ्यांची सुटते असं नाही. पण एकट्याने दात-ओठ खाऊन सोडणाऱ्यापेक्षा सोबत असणाऱ्याचं बळ जास्त, हे मला पटतं.

मात्र सकाळी घोट घेतल्याशिवाय ज्याच्या हातांची थरथर थांबत नाही, त्याने दारू एकदम तोडू नये. झटके येतात, भास होतात, जीवही जाऊ शकतो. आधी नागपूरच्या मेडिकल, मेयो, एम्स किंवा प्रादेशिक मनोरुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवा. जवळची मिटींग कुठे, कोणत्या वारी, हेही तिथेच विचारा. जाणं जमत नसेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची आणि १४४१६ ही टेलिमानसची सरकारी हेल्पलाइन आहे.

वहिनी, ताई, आता तुमच्याशी बोलतो. चहात किंवा भाजीत लपवून औषध देऊ नका. दारू सोडवायला देतात ती डायसल्फिरामची गोळी पोटात असताना माणूस प्याला तर रक्तदाब कोसळतो, श्वास अडतो. ते औषध डॉक्टरांच्या देखरेखीत, घेणाऱ्याला सांगूनच द्यायचं असतं. आणि तुमचा माणूस मिटींगला जात नसेल तर तुम्ही जा. घरच्यांसाठी अल-अनॉन नावाच्या वेगळ्या मिटींग असतात. पुण्याच्या मुक्तांगणमध्येही, जे डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलं, रुग्णांच्या बायकांसाठी 'सहचरी' गट आहे. त्याला दारू पाजणारी तुम्ही नाही आणि सोडवणारीही तुम्ही नाही, हे तिथे दुसऱ्या बाईच्या तोंडून ऐकलं की छातीवरचा दगड हलतो. साहेबाला खोटं सांगून त्याची सुट्टी मागणं, त्याची उधारी फेडणं कधी थांबवायचं, हेही तिथेच उमगतं.

आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची कर आणि धुळवड हे दोन दिवस फार घातक. वर्षभर सांभाळलेला माणूस त्या दिवशी दोस्तांच्या आग्रहाला बळी पडतो. त्या संध्याकाळी मिटींग शोधून ठेवा, किंवा गटातल्या जुन्या माणसाला सकाळीच फोन करा. तरीही 'स्लिप' झालीच, म्हणजे पुन्हा प्यालातच, तर तोंड लपवून घरी बसू नका, दुसऱ्याच दिवशी परत जा. पिऊन आलेल्यालाही तिथे सहसा मागच्या खुर्चीवर बसू देतात, फक्त त्या दिवशी बोलू नका एवढंच सांगतात.