तेलाची तार

लाडवांचा पाक एकतारी हवा की दोनतारी, हे आमच्या घरात चिमटीत धरून पाहतात. मोटारीच्या तेलाचीही अशीच तार असते; पण ती पाहणारे थोडे. मला दरवर्षी दोन-चार हौशी गृहस्थ भेटतात. जुनी, वेगवान गाडी जिवापाड जपणारे, आणि दुकानात जाऊन सांगतात, "सगळ्यांत दाट असेल ते द्या, इंजिन म्हातारे आहे!" म्हाताऱ्याला जड जेवण, असला हा न्याय!

उदाहरणादाखल 1961 साली आलेली जॅग्वार ई-टाइप घ्या. तिच्या 3.8 लिटरच्या इंजिनात दोन कॅमशाफ्ट अगदी माथ्यावर असतात. गाडी रात्रभर उभी राहिली की तेल तळाशी उतरते. सकाळी ते पुन्हा माथ्यापर्यंत चढायला हवे. फाजील दाट तेल रेंगाळते आणि तोवर कॅम व टॅपेट यांची झीज होते. दाबाचा काटा मात्र ऐटीत वर! दाब म्हणजे पुरवठा नव्हे. नळी चिमटीत धरली तरी दाब वाढतोच.

डब्यावरच्या 20डब्ल्यू-50 चे कोडे सोपे आहे. डब्ल्यू म्हणजे विंटर. पहिला आकडा थंडीतले वागणे सांगतो, दुसरा 100 अंश सेल्सिअसला उरणारा दाटपणा. 20डब्ल्यू तेलाची थंडीत इंजिन फिरवण्याची कसोटी उणे 15 अंशांवर घेतात. तेव्हा पुण्या-मुंबईत त्याहून लहान आकड्यामागे धावण्याचे कारण नाही. उलट 0डब्ल्यू-20 सारखे तेल आजच्या इंजिनांसाठी बनवलेले. जुन्या बेअरिंगांत तापल्यावर त्याचा थर पुरत नाही. म्हणून सुस्थितीतल्या अशा इंजिनाला आपल्या हवेत मी 20डब्ल्यू-50 सुचवतो. गाडी दुसरी असेल, तर तिच्या पुस्तिकेचा शब्द पहिला.

डब्यावर जस्ताचा उल्लेखही पाहा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बिघडू नये म्हणून नव्या गाड्यांच्या तेलांत जस्त-फॉस्फरसचे संयुग कमी केले गेले. कॅमखाली घासणाऱ्या जुन्या टॅपेटांचे ते तर चिलखत!

आता परीक्षा. गाडी अर्धा तास चालवून इंजिन पुरते तापवा. मिनिटाला 3000 फेऱ्यांवर दाब चौरस इंचाला 40 पौंडांच्या आसपास असला, तर या जॅग्वारची तार जमली. तो पडत असेल, तर आधी दुसरे मापक लावून काटा खरा बोलतो का ते पाहा. बोलत असेल, तर बेअरिंग आणि पंप तपासून घ्या. दाट तेल ओतून काटा वर चढवणे म्हणजे ताप मोजायचे सोडून थर्मामीटर गार पाण्यात बुडवणे. बेअरिंग वेळीच बदलले तर खर्च आटोक्यात राहतो; क्रँकशाफ्ट खरवडला गेला, की मूळ इंजिनच पणाला लागते.

तेव्हा सुटीत गाडी बाहेर काढण्यापूर्वी पुस्तिका उघडा, डिपस्टिक पुसून तेलाची पातळी पाहा. फराळ थोडा थांबेल.